आमच्या घरातली साखर

सून काय करते, असं कुणी विचारलं की माझे सासरे सांगायचे, "अंडी उबवती, इनवरशिटीत." ऐकणारा हसायचा. मामा हसायचे नाहीत, कारण त्यांच्या मते त्यांनी खरं तेच सांगितलेलं असायचं. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. गाव कागल तालुक्यातलं. गोठ्यात म्हशी, रानात बिद्रीच्या कारखान्याला जाणारा ऊस, आणि नवरा पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टवर. मी जयसिंगपूरची. लग्नानंतरही मी कोल्हापूरला जाऊन पीएचडी करायची हे आधीच ठरलेलं होतं आणि त्याला कुणी आडकाठी केली नाही. "जा की, आमी काय धरून ठेवलंय व्हय," असं आत्ती म्हणाली होती.

मामांचं वाक्य तसं अर्धं बरोबरच होतं. अंडी मी उबवत होते, पण पिल्लं बाहेर येईपर्यंत नाही. कवचाच्या आत पिल्लाचा स्नायू कसा घडतो आणि घडताना तो साखर कशी वापरायला शिकतो, हा माझा विषय. अंड्यात साखर अगदी थोडी असते. प्रथिनं असतात, चरबी असते. तरी उबवणीच्या शेवटी शेवटी पिल्लाच्या मानेवरचा एक स्नायू फुगतो आणि त्याच्या जोरावर ते आतून कवच फोडतं. त्या वेळी त्याला श्वास पुरा मिळत नाही आणि जोर तर लावायचा असतो. मग साठवून ठेवलेली साखर प्राणवायूवाचून जाळावी लागते. ही साखर पिल्लू स्वतःच बनवतं, स्नायूत आणि यकृतात साठवतं. त्यासाठी पेशीतली कुठली जनुकं कधी जागी होतात आणि कुठली गप्प बसतात, ते मी मोजायची. जनुकं सगळ्या पेशींत सारखीच असतात. कुठल्या वेळी कुठलं कामाला लागतं त्यावर सगळं अवलंबून असतं. हे मी नवऱ्याला एकदा गाडीवरून येताना समजावलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे आमच्या कंपनीगत. माणसं तीच, शिफ्ट बदलली की काम बदलतं." मला ते इतकं आवडलं की पुढं मी विद्यार्थ्यांनाही तसंच सांगायला लागले.

मला दिवस राहिले तेव्हा प्रयोगाचा दुसरा भाग सुरू झाला होता. काही अंड्यांत बारीक सुईनं साखरेचं पाणी सोडायचं, काहींत नुसतं मिठाचं, आणि पुढं दोन्हीकडच्या पिल्लांचा स्नायू काढून बघायचा. जास्तीची साखर मिळालेल्या पिल्लाच्या स्नायूत ती जनुकं वेगळी वागतात का, हा प्रश्न. प्रश्न मीच मांडला होता आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याचं कौतुक केलं होतं.

सहाव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी साखरेची तपासणी सांगितली. ती सगळ्यांनाच सांगतात. ग्लुकोजचं पाणी प्यायचं, बसून राहायचं, मग रक्त द्यायचं. मी निवांत होते. घरात कुणाला साखर नाही, वजन बेताचं, रोज इतकी धावपळ. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेले तर बाहेरची खोली बायकांनी भरलेली. काउंटरवरच्या सिस्टरनं कागद बघितला आणि मान वर न करता मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, शुगर निघालीया तुमची. आत जावा, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय."

पुढच्या बाकावरच्या एका बाईनं माझ्या पोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं. शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं ते एवढंच, "खाणं आवरत न्हाई गं."

खरं तर त्या बाईला बाजूला घेऊन सगळं सांगायला हवं होतं. गरोदरपणात वार जी संप्रेरकं सोडते त्यांच्यामुळं आईचे स्नायू साखर घ्यायला कुचराई करतात, तिचं स्वादुपिंड जादा काम करून ते भरून काढतं, काहींचं पुरं पडत नाही. त्यात खाण्याचा दोष थोडा, नशिबाचा आणि घराण्याचा जास्त. हे मला पाठ होतं. पण त्या क्षणी मला आठवला तो आदल्या आठवड्यातला उसाचा रस, आणि त्याच्या आधी खाल्लेली बासुंदी. मी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि आत जाताना पदर पोटावरून ओढून घेतला.

डॉक्टरबाई शांत होत्या. आहार, चालणं, आणि थोड्या दिवसांनी इन्सुलिन. "तुम्हाला काय सांगायचं? तुमचा विषयच आहे," असं त्या हसून म्हणाल्या. मीही हसले.

नवऱ्याला सांगितलं. तो घाबरला आणि मग गुगलवर वाचून आणखी घाबरला. घरात सांगू नकोस, असं मीच त्याला म्हणाले.

"का? आई काय खाणार हाय व्हय तुला?"

"नको. मला लाज वाटते."

"कसली लाज? शिकल्याली बाई तू."

त्याचीच तर लाज वाटत होती. घरातल्या दुसऱ्या कुणाला झालं असतं तर मी पुढं होऊन सगळ्यांना समजावलं असतं. साखरेवर काम करणाऱ्या बाईला साखर आवरली नाही, हे गावात चहाबरोबर बोललं जाणार हे मला दिसत होतं. विभागातही कुणाला सांगितलं नाही. इन्सुलिनचं पेन मी डब्यात घालून, वर रुमाल टाकून नेत असे. दुपारी जेवणाच्या आधी बाथरूममध्ये जाऊन ते घ्यायची आणि परत येऊन उबवणीच्या कपाटापाशी उभी राहायची. अंड्यांत साखर सोडायचं काम तेव्हा संपलं होतं. आता ती फोडायचे दिवस होते. पिल्लाच्या छातीचा आणि पायाचा चिमूटभर स्नायू काढून गोठवायचा. साखरेच्या बाजूचं अंडं हातात आलं की मी नकळत हळू व्हायची. माझ्या मदतीला असलेली मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, बसता का? तुम्ही दमलाय." मी म्हटलं, होय, दमलेय.

विभागात सगळ्यांपुढं काम मांडायची पाळी आली ती त्याच सुमारास. मी तक्ते दाखवले. साखर मिळालेल्या पिल्लांच्या स्नायूत साखर आत घेणाऱ्या आणि जाळणाऱ्या काही जनुकांची हालचाल बदललेली दिसत होती. फार नाही, पण दिसत होती. शेवटी एमएस्सीच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, ज्या आयांना गरोदरपणात शुगर असते, त्यांच्या बाळांच्या स्नायूंतपण असंच होतं का?"

प्रश्न सरळ होता, चांगला होता. तिनं माझ्याकडं काही वेगळ्या अर्थानं बघितलं असेल असं मला वाटत नाही. पण माझे कान तापले. सर कौतुकानं म्हणाले, "हां, हा खरा प्रश्न. सांगा."

"कोंबडीवरून माणसाबद्दल असं बोलता येत नाही," मी म्हणाले आणि पुढचं पान लावलं. पुढचं पान आभाराचं होतं.

शास्त्राच्या दृष्टीनं माझं उत्तर चुकीचं नव्हतं. पण ती मुलगी ज्या चेहऱ्यानं खाली बसली तो मला दिसला. तिला वाटलं असणार की तिनं काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. सर चहाच्या वेळी म्हणाले, "थोडं बोलायला हवं होतं तुम्ही. एवढं वाचलंय त्यावर." मी पाठ दुखण्याचं कारण दिलं.

मग डोहाळजेवण. आत्तीनं महिनाभर आधीपासून तयारी चालवली होती. घरच्या म्हशीच्या दुधाचा खवा तिनं स्वतः आटवला होता. मी त्या दिवसाचं मनात गणित करून ठेवलं होतं. हे एवढं खाईन, ते ताटात फिरवीन, इन्सुलिन असं घेईन. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी झाली. मग कुणीतरी झाकलेल्या दोन वाट्या आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एक वाटी उघडली. पेढा निघाला आणि एकच आरडाओरडा झाला. आत्तीची थोरली जाऊ पुढं आली, तिनं तो अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला, आणि लगेच दुसरीनं बर्फी. "ऱ्हाऊ दे की, दोन्ही खा! जुळी झाली तर काय वाईट?"

तोंड भरलं होतं. सगळ्या हसत होत्या, फोटो निघत होते. मी हातानं खूण करून मागच्या दारानं न्हाणीत गेले आणि सगळं थुंकून टाकलं. चूळ भरून मान वर केली तर दारात आत्ती उभी. हातात पाण्याचा तांब्या. मला उलटी होतेय असं वाटून ती धावत आली होती. तिनं मोरीत बघितलं.

तो खवा आटवताना तिचा हात भाजला होता. त्यावर अजून हळद होती.

"थुकलीस?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. आत्तीचा आवाज लहान झालेला मी तोवर ऐकला नव्हता.

"आत्ती, मला साखर निघालीय. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. इन्सुलिन चालू आहे."

मला वाटलं ती ओरडेल. तिनं आधी मागं वळून कुणी ऐकलं नाही ना ते बघितलं. मग आत येऊन न्हाणीचं दार लोटलं.

"कवापास्नं?"

"दोन महिने झाले."

"तुझ्या नवऱ्याला ठावं हाय?"

"हो."

मग तांब्यातलं पाणी मोरीत ओतून तिनं ते सगळं वाहून घालवलं. "कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. "मी बघतो. चल, पदर नीट कर."

बाहेर जाऊन तिनं जावेला खणखणीत आवाजात सांगितलं, "तिला गोडाचा वास सोसंना झालाय. बास करा आता." त्यानंतर कुणीही डबा घेऊन आलं की आत्ती तेच सांगायची. मला त्यानं बरं वाटायला हवं होतं. पण माझी लाज आता तिलाही वाहावी लागतेय, असं वाटून मी तिच्यासमोर जेवायचीसुद्धा चोरी करू लागले. मी पोळी कमी घेतली की ती बघायची, आणि बघून नजर दुसरीकडं न्यायची.

बाळ मोठं होतं म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. कोल्हापुरातच. मुलगा झाला. त्याला मला दाखवलं तेव्हा मला आधी त्याच्या मांड्या दिसल्या. वळ्या पडलेल्या, भरलेल्या. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडं जाते आणि बाळाचं स्वतःचं इन्सुलिन वाढतं. त्यानं ते असं भरतं. जन्मल्यावर आईकडची साखर एकदम तुटते, पण बाळाचं इन्सुलिन तसंच जोरात असतं, मग त्याच्या रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते. हे सगळं मी वाचलं होतं, लिहिलंही होतं. तरी त्याला उबेच्या खोलीत नेताना मी सिस्टरला विचारलं, "का नेताय?" आणि तिनं मला लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. मी मान हलवत ऐकून घेतलं.

पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं, आणि थोडं आत्तीनं. वॉर्डबाहेर बाकांवर नातेवाईक बसलेले. एक सिस्टर बाहेर आली आणि ओरडली, "शुगरवाल्या बाईचं बाळ कुणाचं हाय?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आमच्याकडची माणसंही होती. ती थोरली जाऊ होती, माझी आई होती. आई खाली बघत बसली. माझा नवरा उठायच्या आत आत्ती उठली.

"आमचं हाय. काय झालं त्याला?"

"टाचेतनं रक्त घेतलंय, साखर कमी आलीया. दूध पाजायला आईला उठवायला लागंल, न्हाईतर सलाईन लावू."

"लावा की मग. विचारत काय बसलायसा?"

थोरल्या जावेनं विचारलं, "सुनंला शुगर हाय? बोलली न्हाईस कधी."

आत्तीनं पाठ फिरवली. ती माझ्याकडं आत आली. बाळाला त्या संध्याकाळी सलाईन लागलं होतं, आणि साखर हळूहळू वर येत होती असं तिनं सांगितलं. मी रडत होते. टाके दुखतात म्हणून हळू रडत होते. ती स्टूल ओढून बसली.

"माझ्यामुळं झालं सगळं," मी म्हणाले.

"काय झालं तुझ्यामुळं?"

"मला शुगर होती म्हणून."

आत्तीनं पलंगाच्या दांडीवर हात ठेवला. मग रागावल्यासारखी म्हणाली, "मला बी हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तीन वरसं झाली. कागलात दाखवलंवतं. गोळ्या हायत्या. पेंडीच्या पोत्यामागं डब्यात ठेवतो. तुझ्या मामास्नी ठावं न्हाई, माझ्या लेकाला बी न्हाई."

"पण तुम्ही चहात साखर घालता की. सगळ्यांबरोबर."

"घालतो. न्हाई घातली तर विचारत्यात न्हवं." मग म्हणाली, "बसून खाणाऱ्या बायकांचा रोग म्हणत्यात त्याला. मी कवा बसलो? पाच म्हशी हायत्या माझ्याकडं."

एकेक गोष्ट डोळ्यांपुढं यायला लागली. ती सारखी पाणी प्यायची. जेवणातून उठायची. उन्हाळ्यात तिच्या पायाला खुराचा ओरखडा लागला होता आणि तो दिवाळीपर्यंत बरा झाला नव्हता. मी त्याला मलम आणून दिलं होतं आणि लावून घ्या म्हटलं होतं. त्या घरात मी तीन वर्षं राहत होते. कवचाच्या आतल्या पिल्लाच्या मांडीत साखरेचं काय होतं ते मी रोज बघत होते आणि माझ्यासमोर भाकरी थापणाऱ्या बाईच्या पायाला काय झालंय ते मला सुचलं नव्हतं. मला साखर निघाल्याची ती लाज त्यापुढं काहीच वाटेना. घरातलं न दिसल्याच्या या लाजेला तर संप्रेरकांचंही कारण नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू सांगितलंवतंस व्हय?" आत्ती म्हणाली.

बाळ दोन दिवसांत आमच्याकडं आलं. घरी आल्यावर मी हट्टानं आत्तीची तपासणी करवली. साखर बरीच वर होती. मग मामांना सांगावंच लागलं. मामा जेवणाच्या ताटावरून तिच्याकडं बघत म्हणाले, "आणि एवढा चा पीत व्हतीस माझ्यासंगं? रोज?"

"तुमास्नी कळू नये म्हणून."

मामा उठून गोठ्याकडं गेले. त्या दिवसापासून ते बिनसाखरेचा चहा पितात. त्यांना तो आवडत नाही हे स्पष्ट दिसतं.

बाळाला बघायला गाव आलं. आल्या आल्या प्रत्येकजण एकच बोलायचा. "केवढं गुटगुटीत हाय गं! काय खाऊ घातलंस पोटात?" थोरली जाऊ तर त्याच्या मांडीचा चिमटा घेऊन म्हणाली, "हे बघा, पैलवान!" मी हसायची आणि त्याच्या पायावर दुपटं ओढायची. सिस्टरनं टाचेला टोचलेल्या जागा तोवर दिसेनाशा झाल्या होत्या, तरी मी त्या शोधायची. आत्ती मात्र आता लपवत नव्हती. "आईला साखर हुती. म्हणून तसं झालंय. मला बी हाय," असं ती सरळ सांगायची, म्हशीला दूध किती ते सांगावं त्या आवाजात. एक-दोघी निघताना तिच्या कानाशी लागल्या, आणि नंतर कळलं की त्यांनाही होती.

मी तेवढं मोकळं बोलू शकले नाही. अजून नाही. प्रबंध पुरा झाला, त्यातल्या एका प्रकरणात ते साखरेच्या अंड्यांचं सगळं काम आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एमएस्सीच्या त्या मुलीचाच प्रश्न विचारला, थोड्या वेगळ्या शब्दांत. या वेळी मी नीट उत्तर दिलं, माणसांवरच्या अभ्यासांचा हवाला देऊन, कुठं सावध राहायला हवं तेही सांगून. सर खूश झाले. पण "मला स्वतःला होती" हे तीन शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेले. ती मुलगी तेव्हा मागच्या रांगेत बसली होती. ती आता माझ्याच सरांकडं काम करते. तिच्याशी मी वागते फार चांगली, जरा जास्तच चांगली.

बाळंतपणानंतर माझी साखर उतरली. डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलंय की ज्यांना एकदा अशी येते त्यांना पुढं कायमची यायची शक्यता जास्त, दर वर्षी तपासायची. आत्ती तिच्या तपासणीला निघताना मला हाक मारते. "चल की, एका खेपेत दोघींचं हुईल."

मी म्हणते, आज प्रॅक्टिकल आहे. पुढच्या खेपेला.

ती दारात थोडी थांबते, माझ्याकडं बघते, आणि चपला घालून एकटीच एसटीला जाते.